जावयाची जागा

ईस्टरच्या सकाळी कालमानचा पहिला फोन आला तेव्हा एतेल्का बोडनार कोंबडीचे तुकडे धूत होती. दुसरा आला तेव्हा ती कांदा चिरत होती. तिसऱ्याला तिने ओल्या हातानेच फोन कानाला लावला.

"कालमान, तीस वर्षं तू लोकांच्या तोंडात हात घालून बोललास. समोरच्याने उत्तर द्यायचं नसतं, ही सवय तुला तिथेच लागली. दुपारी एकला ये. जेवण झाल्यावर बोलू."

"ग्रेडी लँगफर्ड," तिचा भाऊ म्हणाला. "एवढं एकच नाव डोक्यात ठेव. सहा फूट पाच इंच."

"मला माळ्यावरचे डबे काढायचे नाहीयेत," असं म्हणून तिने फोन ठेवला.

ड्राफ्ट गुरुवारी होता. कॉलेजांतून बाहेर पडणारी देशभरातली पोरं त्या संध्याकाळी एकेक करून संघांच्या वाट्याला जाणार होती, आणि ज्याचा मागचा हंगाम जितका वाईट, त्याची निवड तितकी आधी. टोलेडो ब्लोअर्सची निवड तिसरी होती. सतरा सामन्यांतले तेरा हरून त्यांनी ती कमावली होती. संघाचं नाव एतेल्काच्या वडिलांनी ठेवलेलं. गेर्गेय बोडनार आधी बाटल्यांच्या कारखान्यात काच फुंकायचा, मग तो कारखाना त्याचा झाला आणि मग हा अमेरिकन फुटबॉलचा संघही. काच फुंकणाऱ्यांचं नाव संघाला द्यावं, असं त्याला मनापासून वाटलं होतं. अलीकडे गावातली वर्तमानपत्रं दर सोमवारी त्या नावाचा आपला वेगळा अर्थ लावत. सामना फुंकला. हंगाम फुंकला.

म्हाताऱ्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की रोजचा कारभार पगारी माणसांनी बघावा, पण पहिली निवड आणि चेंडू फेकून खेळ चालवणारा क्वार्टरबॅक या दोन गोष्टी माझ्या तिन्ही मुलांनी एका टेबलाशी बसून, जेवून, बहुमताने ठरवाव्यात. 'जेवून' हा शब्द त्याने वकिलाशी भांडून घालून घेतला होता. उपाशीपोटी कालमान कुणाचंच ऐकत नाही, हे बापाला पक्कं ठाऊक होतं.

एवढ्यावरही भागलं असतं. पण क्वार्टरबॅक होता वेस हॅडलॉक, आणि वेस हॅडलॉक एतेल्काचा जावई होता.

अकरा वर्षांपूर्वी तो इथे आला. दोन वर्षांत त्याने आधी बोडनारांचा संघ जिंकायला शिकवला आणि मग बोडनारांची एकुलती मुलगी जुली जिंकली. त्या लग्नात कालमानने केलेलं भाषण अजूनही घरात कुणी काढत नाही. आता वेस छत्तीस वर्षांचा होता. मागच्या हंगामात त्याचे एकवीस पास थेट प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेले आणि जानेवारीत त्याचा उजवा खांदा उघडून शिवावा लागला. ऑगस्टपर्यंत बरा होईल, असं डॉक्टर म्हणाले. जूनपर्यंत, असं वेस म्हणाला. खांद्याने काहीच सांगितलं नव्हतं.

परक्या क्वार्टरबॅकला काढायचं तर एक पत्र पुरतं, एतेल्काच्या मनात आलं. जावयाला काढलं की पुढच्या रविवारी त्याच्याच शेजारी बसून जेवायचं असतं. तिने कांदा चरबीत टाकला, त्यावर पाप्रिकाच्या लाल पुडीचे तीन मोठे चमचे ओतले आणि झाकण जरा जोरातच ठेवलं.

"कुणावर राग काढतेस?" पिरोश्काने विचारलं. एतेल्काची ही धाकटी बहीण दोन दिवसांपूर्वीच टुसॉनहून आली होती, आणि तिचा तिसरा नवरा तिकडे निवडुंगाची देखभाल करायला मागे राहिला होता. "माझं मत ठरलंय बघ. वेसला हात लावायचा नाही. इतका देखणा पुरुष या घरात कधी आला नव्हता, आणि हे मी माझे तिन्ही धरून सांगतेय."

"पिरोश्का, हा सौंदर्याचा प्रश्न नाहीये."

"मग तो तीनशे वीस पौंडांचा हाउगेन नावाचा मुलगा घ्या ना. त्याने वेसच्या पुढ्यात उभं राहायचं. कुणी आत यायलाच नको. इतकं सोपं आहे, आणि तुम्ही दोघं जानेवारीपासून घसा कोरडा करताय."

म्हणजे कालमानचं मत लँगफर्डला, नव्या क्वार्टरबॅकला, पिरोश्काचं जुन्याला, आणि उरलेलं एतेल्काचं.

एकच्या ठोक्याला सगळे बसले. टेबलाशी एकच परका माणूस होता, ट्रुमन ओक्स, संघाचा मॅनेजर. त्याने एका हातात लिलीची कुंडी आणली होती आणि दुसऱ्या हातात चार पौंडांची फाइल. कुंडी एतेल्काने घेतली, फाइल त्याला खुर्चीखाली ठेवायला लावली. अक्रोडाचं सारण भरलेली गोड गुंडाळी टेबलावर येईपर्यंत फुटबॉलचा शब्द काढायचा नाही, हा तिच्या घरचा नियम होता. वेस बरोबर समोर बसला होता, जुलीच्या शेजारी, आणि डाव्या हाताने जेवत होता.

कालमानने पहिला घास घेतला. "कोंबडी झकास झालीय. कोवळी आहे. कोवळीचं काय असतं, सुरुवातीला थोडी कच्ची लागते, पण तिच्यात दम असतो."

"मला मुरलेली आवडते," पिरोश्का म्हणाली. "रश्श्याला खरी चव तीच देते. फक्त तिला आजूबाजूला भरपूर बटाटे लागतात. मोठे मोठे."

"बटाटे कितीही घाला. मुळात पंखातच जोर नसेल तर..."

"कालमान, ब्रेड घे," एतेल्का म्हणाली.

"मला दोन्ही चालतात," ओक्स ताटाकडे बघत म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

वेसने हाड चोखून ताटाच्या कडेला नीट ठेवलं. "ही कोंबडी लीगमध्ये किती वर्षं आहे?"

कुणी मान वर केली नाही. जुलीला हसू आलं. तिने ते रुमालात दाबलं, पण एतेल्काला दिसलं की तो रुमाल मग बराच वेळ डोळ्यांशीच राहिला.

"मी जरा गॅरेजमध्ये जाऊन येतो," वेस उठत म्हणाला. "आई, तुमच्या गवत कापायच्या यंत्राचा पट्टा सुटलाय ना? तो बघतो. तोवर तुम्ही कोंबडीचं काय ते ठरवा."

"मी येतो मदतीला," कालमान म्हणाला. आयुष्यात त्याने कधी कुणाचा पट्टा बसवला नव्हता, पण तो गेला. अपराधी वाटायला लागलं की कालमान नेहमी मदतीला जातो.

पिरोश्का ओक्सकडे वळली. "तुमच्या त्या फाइलमध्ये या मुलांच्या आयांचे नंबर असतील ना?"

"आमच्याकडे सगळं असतं, मॅडम. पण असे फोन ठरलेल्या माणसांनीच करायचे, असा लीगचा..."

"मी काय लीगचं माणूस आहे? बायको होऊन थकलेली एक बाई आहे मी. ईस्टरच्या शुभेच्छा द्यायला कुणाची परवानगी लागते? दाखवा तो लँगफर्ड." आणि नंबर घेऊन ती पुढच्या खोलीत गेली.

एतेल्काने ताटं उचलली. जुली तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात आली, नळ सोडला, आणि नळाच्या आवाजाखाली म्हणाली, "आई, काढ त्याला."

एतेल्काला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. गेले तीन महिने ती या क्षणाची तयारी करत होती. लेक येईल, रडेल, नवऱ्यासाठी भांडेल. त्याची सगळी उत्तरंही तिने तयार ठेवली होती, आणि त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं.

"कुणाला काढू?"

"आता ओरडून सांगू का? वेसला. त्याला स्वतःचे केस विंचरता येत नाहीत, आई. हात इथपर्यंतच जातो." जुलीने ओल्या हाताने आपल्या कानाची पाळी दाखवली. "मी विंचरून देते, आणि आम्ही दोघं असं दाखवतो की मला ते आवडतं म्हणून. खुर्चीत बसून झोपतो. विचारलं तर म्हणतो, जून. दोन वर्षांचा नवा करार मागायचं चाललंय त्याचं. मी सांगून पाहिलं. माझं तो प्रेमाने ऐकून घेतो, आणि मग व्यायामाला जातो."

"अगं, तू मला स्वतःच्या नवऱ्याला घालवून द्यायला सांगतेयस."

"नवऱ्याला नाही. क्वार्टरबॅकला. नवरा मला ठेवायचाय."

"तो माझ्याशी बोलायचा बंद होईल."

"दोन महिने होईल. मग गवत वाढलं की येईल."

एतेल्काने नळ बंद केला. जावयाबद्दल लेकीजवळ कधी कबूल केलं नव्हतं, पण पोटच्या मुलीपेक्षा तिला तोच बरा वाटायचा. जुली उत्तर देते, वेस हसून काम करून टाकतो. आणि आज तीच मुलगी समोर उभी राहून इतकं सरळ बोलत होती की एतेल्काला आपल्या बापाची आठवण झाली. "गुंडाळी काप," एवढंच ती म्हणाली. "पातळ काप. मामा तीन खातो."

गुंडाळी टेबलावर आली तेव्हा कालमान परतला होता. त्याचे डोळे लाल होते.

"मी वेसच्या बाजूने आहे," तो म्हणाला.

ओक्सने फाइल उघडली होती. त्याचं बोट पानातच राहिलं.

"तू सकाळपासून मला तीनदा..." एतेल्का म्हणाली.

"सकाळी मी त्याच्या तोंडात बघितलं नव्हतं. गॅरेजमध्ये तो म्हणाला, मामा, एक दाढ दुखतेय, बघता का? मी विजेरीने बघितलं. एतेल्का, त्याचे मागचे दात निम्मे झिजलेत. निम्मे. दुखत असताना दात आवळून धरले की असे होतात. मी इतकी वर्षं दात बघितले, असे फक्त एका खाणकामगाराचे बघितले होते. त्या माणसाने आपल्यासाठी दात झिजवलेत, आणि आपण त्याला कोंबडी म्हणतोय. हाउगेन घ्या. उभा करा त्याला पुढ्यात. कुणी आत यायलाच नको."

"हे माझं वाक्य आहे," दारातून पिरोश्का म्हणाली. ती फोन छातीशी धरून उभी होती. "आणि ते मी आता मागे घेतलंय. मी लँगफर्डच्या आईशी बोलले. काय बाई आहे. एकटीने वाढवलंय त्याला, शाळेची बस चालवून. पोरगा दर रविवारी तिची गाडी धुतो. मग तो स्वतः फोनवर आला आणि मला तीनदा 'मॅम' म्हणाला. माझ्या कुठल्याच नवऱ्याने मला... ते जाऊ दे. मुलाला घ्या. सहा फूट पाच इंच आहे."

"उंचीने काय होतं?" कालमान म्हणाला. "तुला काय माळ्यावरचे डबे काढायचेत?"

"तो कोवळा आहे. दम आहे त्याच्यात."

"रश्श्याला चव मुरलेल्यानेच येते."

ओक्सने हळूच फाइल मागे उलटली, मग पुन्हा पुढे. "म्हणजे मतं अजून एकास एकच आहेत," तो म्हणाला. "फक्त माणसं बदलली." तो फार शांत माणूस होता. या कुटुंबात नोकरीला सहा वर्षं झाली होती त्याला.

सगळ्यांनी एतेल्काकडे बघितलं. जुली गुंडाळीकडे बघत होती.

"ओक्स, लँगफर्ड खरंच तेवढा चांगला आहे?"

"देशातले सगळे जाणकार तेच म्हणतात, मॅडम. आणि मी वेसलाही विचारलं होतं, तीन आठवड्यांपूर्वी. अवघड होतं विचारणं. पण त्याने बघून सांगितलं, डोळे मिटून घ्या. मला त्याचं फार कौतुक वाटलं."

"मग माझं मत पिरोश्काबरोबर," एतेल्का म्हणाली. कालमानने हातातला तुकडा खाली ठेवला. "पण ते मी आधी वेसला सांगणार. त्याच्या पाठीमागे नाही. कुणीही बाहेर येऊ नका, आणि खिडकीशी उभे राहू नका. पिरोश्का, तुला सांगतेय."

वेस गॅरेजमध्ये उपड्या बादलीवर बसला होता. यंत्राचा पट्टा बसवून झाला होता. खांद्यावर फ्रीझरमधली मटारची पिशवी होती आणि डाव्या हातात फोन. तिला बघून त्याने तो मांडीवर पालथा घातला.

"लँगफर्डला घेतोय," एतेल्का म्हणाली. उभ्यानेच म्हणाली, कारण बसली असती तर ती आधी दुसरंच काहीतरी बोलली असती.

"चांगला निर्णय आहे," वेस म्हणाला.

इतकंच. ना प्रश्न, ना राग. एतेल्काला ते खटकलं. अकरा वर्षांत हा माणूस तिच्याकडे पत्त्यांचा साधा डाव हरला तरी पुन्हा पिसायला लावायचा.

"काय बघत होतास?"

"काही नाही. वेळ घालवत होतो."

तिने हात पुढे केला. त्याने जरा वेळ तिच्या हाताकडे बघितलं आणि फोन दिला. पडद्यावर एक बुटका, रुंद खांद्यांचा मुलगा होता. डावखुरा. त्याने फेकलेला चेंडू विरुद्ध संघाच्या माणसाने मधल्यामध्ये पकडला, आणि हा मुलगा सगळ्यांच्या आधी धावत जाऊन त्याला खाली पाडत होता. मग उठून त्याने आपल्याच एका धिप्पाड सोबत्याला हात देऊन उभं केलं, पाठीवर थाप मारली. खाली आकडा होता, ही चित्रफीत किती वेळा बघितली त्याचा. एतेल्काने चष्मा नीट करून तो पुन्हा वाचला.

"हा लँगफर्ड नाही."

"नाही. मीका फालेतोई."

"मग तुला याचं एवढं काय?"

वेसने खांद्यावरची पिशवी काढली. "हाच चांगला आहे, आई," तो म्हणाला. "पकडणारा गडी वळायच्या आधी तो चेंडू सोडतो. ते शिकवून येत नाही. मला यायला सहा वर्षं लागली."

"आणि लँगफर्ड?"

"हात सोन्याचा आहे. पण बाजूने कुणी अंगावर येतंय असं वाटलं की चेंडू सोडायच्या आधी मान फिरवतो. कॉलेजात चालून गेलं, तिथे त्याच्यापुढे धिप्पाड गड्यांची भिंत होती. आमच्यापुढे काय आहे तुम्ही बघितलंय. महिन्याभरात त्याचा भुगा होईल."

"तू ओक्सला म्हणालास, डोळे मिटून घ्या."

"म्हणालो."

"का?"

तो यंत्राकडे बघत होता. "तो मोडला की ऑक्टोबरमध्ये कुणालातरी आत जावं लागेल ना," तो म्हणाला.

एतेल्का दुसरी बादली उपडी करून तिच्यावर बसली. तिला भयंकर राग आला. या माणसासाठी तिने जानेवारीपासून भावाशी भांडण काढलं होतं. आणि कुठल्यातरी बस चालवणाऱ्या बाईचा मुलगा, बावीस वर्षांचा, मोडायला आणायचा होता याला. याची जागा राहावी म्हणून.

"त्याची आई आत्ता फोनवर पिरोश्काशी बोलली," ती म्हणाली. "तो आईची गाडी धुतो."

वेसने डोळे मिटून घेतले. "हे मला सांगायला नको होतं."

"म्हणूनच सांगितलं. आणि अजून एक ऐक. तुला काढायला मला जुलीने सांगितलं. आत्ता, नळ सोडून."

"जुलीने?"

"क्वार्टरबॅक काढ म्हणाली. नवरा ठेवायचाय."

तो हसला, पण ते हसू पुरतं निघालं नाही. "केस विंचरते ती माझे," तो म्हणाला.

"सांगितलं तिने. आता ऊठ. आत चल."

"सगळ्यांसमोर सांगावं लागेल?"

"तुझ्या शब्दावर ओक्सने चार पौंडांची फाइल केलीय. सगळ्यांसमोर."

त्याने सांगितलं, आणि आडवळण न घेता सांगितलं. मग मिठाची बाटली, पाप्रिकाचा डबा आणि सहा चमचे मांडून त्याने दाखवलं, लँगफर्ड कुठे मान फिरवतो आणि मीका कुठे फिरवत नाही. ओक्सने तीन प्रश्न विचारले. तिसऱ्याचं उत्तर ऐकल्यावर त्याने चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा घातला.

"माझ्या यादीत फालेतोई एकतिसावा आहे," तो म्हणाला. "आणि ही यादी बनवताना मी तुमच्यावर विसंबलो होतो."

"माहीत आहे," वेस म्हणाला. "चूक माझी आहे. लपवायला मला काही उरलं नाहीये."

"तू खोटं बोललास," जुली म्हणाली. "एका वर्षासाठी."

"दोन."

जुलीने गुंडाळीचा चांगला तीन बोटं जाड तुकडा कापला, त्याच्यापुढून नेला आणि ओक्सच्या ताटात ठेवला. ओक्सने तो मुकाट्याने खाल्ला. मग पेन्सिल काढली.

"एकतिसाव्या मुलाला तिसऱ्या निवडीवर घेतलं तर गाव आपल्याला जाळेल," तो म्हणाला. "पण तिसरी निवड लोकांना हवी आहे. लँगफर्डसाठी जीव टाकणारे दोन संघ मला ठाऊक आहेत. त्यातल्या एकाला ती द्यायची आणि त्याची अकरावी घ्यायची, वर दुसऱ्या फेरीतली एक. त्या दुसऱ्या फेरीत एखादा हाउगेनसारखा मिळू शकेल. धोका एकच. मधल्या सात जणांपैकी कुणी आपल्याआधी मीकाला उचलला तर आपल्याकडे दोन्ही नाहीत."

"डावखुरा आहे," कालमान म्हणाला. त्याचं समाधान होत नव्हतं.

"मामा," वेस म्हणाला, "तुम्हीसुद्धा डावखुरे आहात."

"म्हणून तर मला माहीत आहे त्रास किती असतो." पण त्याने हात वर केला, डावाच. पिरोश्काने आपला वर केला, आणि लँगफर्डच्या आईला आता काय सांगायचं म्हणून डोळे पुसले. एतेल्काने शेवटी केला.

"आणि मी?" वेसने विचारलं.

ओक्सने त्याच्याकडे बघितलं. "तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवायला मला वेळ लागेल. तोवर माझ्या खोलीत एक खुर्ची टाकतो. मला दिसाल असे बसा, आणि नव्या मुलाला जे यायला तुम्हाला सहा वर्षं लागली, ते शिकवा."

"चेंडू?"

"चेंडू मी लपवून ठेवेन," जुली म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी मैदानावरच्या संघाच्या कचेरीत फळ्यासमोर सगळे जमले. तिसऱ्या निवडीला दहा मिनिटं होती, आणि ओक्स त्यातली नऊ मिनिटं कानाला दोन फोन लावून उभा होता. नवव्या मिनिटाला त्याने अंगठा वर केला. दूरदर्शनवर दिसणाऱ्या, मैदानाबाहेर जमलेल्या हजारो लोकांना कळलं की ब्लोअर्सनी तिसरी निवड देऊन टाकली. त्यांच्या ओरडण्याचा आवाज काचेतूनही आला आणि दूरदर्शनमधूनही, थोडा मागेपुढे. लँगफर्ड पश्चिमेकडच्या एका संघाकडे गेला. त्याच्यापुढे उत्तम भिंत होती. पिरोश्काने लगेच त्याच्या आईला फोन लावला आणि दोघी रडल्या.

मग चौथी निवड, पाचवी, सहावी. सातव्या संघाला क्वार्टरबॅक हवा होता, हे सगळ्या देशाला माहीत होतं. त्यांनी नऊ मिनिटं घेतली. कालमानने पेन्सिल चावून दोन तुकडे केले, दातांच्या डॉक्टरने. त्यांनी हाउगेन घेतला. आठवी गेली, नववी गेली. दहाव्या संघाच्या वेळी एतेल्काच्या लक्षात आलं की वेस तिच्या खुर्चीची पाठ धरून उभा आहे आणि खुर्ची हलतेय. स्वतःची जागा जाऊ नये म्हणून जो खोटं बोलला, तोच आता ती जागा घेणाऱ्या मुलाला कुणीतरी मध्येच पळवेल या धास्तीत होता.

दहाव्या संघाने धावणारा गडी घेतला.

फोन एतेल्कानेच लावला. तिकडे आधी मीकाची आई होती, मग त्याचा मामा, मग कुणीतरी गाणं म्हणत होतं, आणि शेवटी मुलगा. तिने त्याला तो कुठे येतोय ते सांगितलं.

"मॅडम," तो म्हणाला, "हॅडलॉक तिथे आहेत का? त्यांना राग तर नाही ना आला?"

एतेल्काने फोन मागे दिला. वेसने तो डाव्या हाताने घेतला.

"मीका," तो म्हणाला, "मी वेस. ऐक. रविवारी ये. सोमवारी नको, रविवारी, म्हणजे सासूबाई जेवू घालतील. पोट रिकामं ठेवून ये आणि कोंबडीबद्दल काही बोलू नकोस." तिकडून मुलाने काहीतरी विचारलं. वेसने जुलीकडे बघितलं, जुलीने त्याच्याकडे, रविवारनंतर पहिल्यांदाच. "नाही," तो फोनमध्ये म्हणाला. "या घरात मुलगी एकच होती, ती मी आधीच घेतली. तुला नुसत्या संघावर भागवावं लागेल."